ढोल ठीक आहे

सेरलुङ
१४ ऑगस्ट १९८८

वांगदू,

हे पत्र टपालानं नाही, आङ दावाच्या हाती पाठवतेय. तो माल विकून नेपाळात परत निघालाय, तिथून तुझ्या दार्जिलिंगला जाणार आहे. म्हणून आज तोंड मोकळं सोडते. टपालानं येणारी तुझी पत्रं हल्ली आधी कुणीतरी उघडतं आणि जवाच्या पिठाच्या खळीनं परत चिकटवतं. मागचं पत्र त्या खळीपायी उंदरानं अर्धं खाल्लं. तू आजारी होतास एवढं वाचायला मिळालं, बरा झालास का ते उंदराला ठाऊक.

आता ऐक. दोन वर्षांपूर्वी वरच्या डोंगरात खाण निघाली. गावाला भेट म्हणून सरकारनं चौकात खोल भोक पाडून हातपंप बसवला. लाल फीत, टाळ्या, भाषण. पंपाचं नाव ‘एकजुटीचा पंप’. पहिलं वर्ष आम्हीही खूश होतो, खोटं कशाला बोलू? पण आता त्या पाण्यानं लोण्याचा चहा शाईसारखा काळा होतो. मेंढ्यांची लोकर हातात येते. आणि आपल्या सुनेच्या, क्यीझोमच्या, तळहातांवर काळे ठिपके उठलेत. तिला नुकतेच दिवस गेलेत. नऊ वर्षांनी पहिल्यांदा. ल्होसारचा सण झाला की महिन्याभरात बाळंत होईल.

बोलायची सोय नाही. गेल्या वर्षी ल्हासात भिक्षू रस्त्यावर उतरले, तेव्हापासून इथे शिंकलं तरी विचारतात, कुणाविरुद्ध? लोहार तोब्ग्याल चौकात एवढंच म्हणाला, ‘पाण्याला गंजाचा वास येतो.’ म्हणजे एकजुटीला गंज चढला असं म्हणाला, असं ठरलं. सहा दिवस बसवून त्याच्याकडून आत्मटीका लिहून घेतली. त्याला बिचाऱ्याला लिहिता येत नाही. त्यानं शेजारच्याची नक्कल केली, आणि शेजारच्याचा गुन्हाही त्याच्याच नावावर लागला.

तुझ्याकडे शिकलेली माणसं आहेत. सोबत बाटली देतेय. तपासून घे आणि कळव, क्यीझोमनं हे पाणी प्यावं की नाही. बाटली पहाटे हातपाय धुऊन, नीट भरलीय. एकोणतीस वर्षांनी तुझ्या हाती गावचं पाणी पडणार, त्यात मी हयगय करीन का?

बाकी तू मोठ्या दरबारात वाजवतोस असं लिहिलं होतंस. आङ दावा म्हणतो, ते हॉटेल आहे आणि लोक जेवत असताना तू वाजवतोस. दोन्ही खरं असेल, असं मी घरात सांगितलंय.

तुझी आचा, थोरली बहीण,
यांगझोम


दार्जिलिंग
२ ऑक्टोबर १९८८

आचा-ला,

आङ दावा पुन्हा एकदाच वर येणार आहे, मग खिंड बंद. म्हणून हे मोकळं पत्रही शेवटचंच.

बाटलीचं बूच काढलं आणि मला रडू आलं. अर्धा घोट प्यायलो. ओरडू नकोस, राहवलं नाही. काय पाणी आहे! माझं सगळं लहानपण जिभेवर आलं. उरलेलं घोषालबाबूंना दिलं. ते सिलिगुडीच्या कॉलेजात रसायन शिकवतात आणि सुट्टीत आमच्या हॉटेलात येऊन माझी क्लॅरिनेट ऐकतात. म्हणाले, महिन्याभरात सांगतो.

उत्तर टपालानं यावं लागणार, म्हणून मी एक युक्ती काढलीय. मी सध्या तिबेटी भाषेत जॅझचा इतिहास लिहितोय. आजवर कुणी लिहिलेला नाही. आमचे बँडवाले पदम मास्तर म्हणतात, कुणी मागितलेलाही नाही. पण ते जळतात. तर मी तुला एकेक प्रकरण पाठवीन. संगीताच्या पत्राला कोण हात लावणार? त्यात पाणी म्हणजे ढोल. पाणी चांगलं निघालं तर लिहीन, ‘ढोल ठीक आहे.’ वाईट निघालं तर, ‘ढोल फुटलाय.’ इतकं सोपं, की लहान पोरालाही कळावं.

आणि हो, दरबार म्हणजे हॉटेलातल्या जेवणघराचं नाव आहे. मी खोटं कधीच बोललो नव्हतो.

तुझा,
वांगदू


दार्जिलिंग
५ नोव्हेंबर १९८८

आचा-ला,

प्रकरण पहिलं.

अमेरिकेच्या दक्षिणेला, मोठ्या नदीच्या तोंडाशी न्यू ऑर्लिन्स नावाचं शहर आहे. तिथे समुद्रापलीकडून बांधून आणलेली माणसं गुलाम म्हणून राबत. गाव गेलं, भाषा गेली, आईबाप गेले. रविवारी त्यांना एका मैदानात जमायची मुभा होती. तिथे ते ढोल वाजवत. मालकांच्या मते ढोल ठीक नव्हता, कारण ढोलावरून निरोप जातात अशी त्यांना धास्ती. म्हणून बऱ्याच ठिकाणी ढोलावर बंदी आली. मग लोकांनी हातापायांनी ताल धरला. ढोल नसतानाही ढोल चालूच राहिला.

पुढे बँड निघाले. त्यांची एक रीत ऐक. मेलेल्याला पोचवायला जाताना बँड इतका संथ वाजवतो की दगडालाही हुंदका यावा. आणि पुरून परत येताना असा वाजवतो की म्हाताऱ्याही नाचतात. या वेळी मोठा ढोल फुटेस्तोवर बडवतात. फुटला तरी चालतो. फुटलेल्या ढोलाचाही एक आवाज असतो. आपला ढोल मात्र ठीक आहे. जाणकार म्हणतात, असा उत्तम ढोल त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नाही. नंतर हे संगीत बोटींत बसून नदीनं वर शिकागोला गेलं. तिथे ढोल लहान झाला, मग पायानं वाजवायचा झाला, आणि त्यावरून दोन मोठ्या वादकांत भांडण लागलं, ते पुढच्या प्रकरणात.

कसं वाटलं, अगदी खरं सांग.

वांगदू


सेरलुङ
२ डिसेंबर १९८८

वांगदू,

खरं सांगते. लहान पोराला कळणारं तुझं पत्र मी सात वेळा वाचलं. त्यात अकरा ढोल आहेत. जवाचे दाणे मांडून मोजले. दोन ठीक, दोन फुटके, एकावर बंदी, एक लहान झालेला, एक नसतानाही चालू. उरलेल्यांची प्रकृती तू लिहिलेलीच नाहीस. शेवटी ‘आपला’ म्हटलेला ढोल एकच सापडला, तोच धरला. वडील म्हणायचे, वांगदूला आग लागली असं सांगायला पाठवू नका, तो आधी चकमकीचा शोध कसा लागला ते सांगेल.

पण जीव भांड्यात पडला. मी उगाच घाबरले होते. क्यीझोम दोन महिने ढोल नको म्हणत होती, तोंड वळवायची. आता मी तिला समोर बसवून रोज चार वाडगे ढोल पाजते. जाणकारांनी सांगितलंय म्हटल्यावर तीही गुमान पिते.

मला कचेरीत बोलावणं आलं होतं. पत्रं वाचणारा आता कोण ते कळलं. शेराप नाव. आपल्यातलाच आहे, पस्तिशीचा. बायको आणि दोन मुलींना घेऊन कचेरीच्याच मागे राहतो. (नमस्कार, शेराप साहेब. खळीत थोडं मीठ घाला, उंदीर लागत नाहीत.) माझ्यापुढे तुझं पत्र ठेवून म्हणाला, ‘हे जॅझ म्हणजे काय?’

मी म्हटलं, ‘बँड असतो, साहेब. सात-आठ जण. गाणं एकच, पण प्रत्येक जण आपापल्या मनाचं वाजवतो.’

‘अध्यक्ष कोण?’

‘नसतो.’

‘मग काय वाजवायचं ते मंजूर कोण करतं?’

‘कुणी नाही. ऐन वेळी सुचेल ते.’

त्यानं लेखणी खाली ठेवली. ‘ऐन वेळी? बाई, याला सभा म्हणतात. विनापरवाना.’

‘पण ती अमेरिकेत आहे, साहेब.’

‘सध्या,’ तो म्हणाला.

मी निघताना म्हणाला, भावाला सांगा, पुरावा अपुरा आहे, प्रकरण दुसरं लवकर पाठवा. त्या दोन वादकांचं भांडण मिटलं का, हेही कचेरीला कळायला हवं. हे बोलताना त्याचे कान लाल झाले होते.

यांगझोम


दार्जिलिंग
८ जानेवारी १९८९

आचा-ला,

आज इतिहास नाही. आज एकच विचारतो, बाटलीतला ढोल तू कुठून घेतला होतास?

काल घोषालबाबू हॉटेलात आले. चहा पिता पिता हसून म्हणाले, ‘तुमच्या गावात ढोलाला केशर लावतात का? मी तिथे जमीनच घेतो.’ ही गोष्ट त्यांनी मला नोव्हेंबरातच सांगितली होती. मला वाटलं, बंगाली लोकांची थट्टा. काल रात्री अंथरुणावर पडलो आणि एकदम उठून बसलो. केशर! आचा-ला, तू देवापुढच्या सात वाट्यांतला ढोल पाठवलास! वरच्या झऱ्यावरून पहाटे किटलीनं आणतात तो, केशराची काडी घातलेला. चौकातल्या ढोलाचा त्यात एक थेंब नव्हता!

का पाठवलास तेही कळतं. इतक्या वर्षांनी भाऊ गावची चव घेणार, त्याला चौकातलं कसं द्यायचं? पाहुण्याला आणि देवाला उत्तम तेच द्यायचं, हे आपल्या हाडात आहे. मी तुझ्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं. म्हणून तर घोट घेतल्यावरही मूर्खासारखा रडत बसलो, शंका आली नाही.

देवांचा ढोल ठीक आहे. आपला ढोल फुटलाय. आज सकाळी तू लिहिलेली सगळी लक्षणं सांगितली तसा घोषालबाबूंचा चेहरा उतरला. म्हणाले, खाणीच्या खालचा ढोल आहे, ठिपके उठलेत, आता तपासायला थांबू नका. उकळून उपयोग नाही, उकळला की आणखी दाट होतो. क्यीझोमला एक घोट ढोल देऊ नकोस. चार वाडगे! हे वाचल्यापासून मला क्लॅरिनेट धरवत नाही. माझ्या एका वाक्यापायी तू तिला ते पाजलंस.

वांगदू

[पत्राच्या कडेला शिसपेन्सिलीनं, दुसऱ्याच अक्षरात: ‘प्रकरण दुसरे जोडलेले नाही. कळवावे.’ ‘थेंब’, ‘घोट’ आणि ‘उकळून’ या शब्दांखाली दोन-दोन रेघा.]


पत्रतपासणी कक्ष, सेरलुङ
२० फेब्रुवारी १९८९

प्रति, वांगदू, क्लॅरिनेटवादक, दार्जिलिंग
विषय: ढोलाबाबत खुलासा
संदर्भ: आपली दिनांक ५ नोव्हेंबर व ८ जानेवारीची पत्रे

महोदय,

आपली वरील पत्रे या कक्षाने वाचली आहेत. (पहिले चार वेळा.) त्यांतील ढोल हे वाद्य नसावे असा या कक्षास संशय आहे. तरी खालील प्रश्नांची उत्तरे परतटपाली द्यावीत.

फुटलेला ढोल दिवसातून किती वाडगे ऐकल्यास अपाय होतो?

तो दोन वर्षे ऐकला गेल्यास पुढे काय होते? ऐकणाऱ्यांपैकी एक सात वर्षांची व एक चार वर्षांची असल्यास काही फरक पडतो काय? हा प्रश्न केवळ नोंदीसाठी आहे.

धाकटीच्या टाचांवर ठिपके असल्यास, ऐकणे थांबवल्यावर ते जातात काय?

चौकातील ढोल फुटला आहे असे म्हणण्याचा अधिकार या कक्षास नाही. तसे म्हणणे हा गुन्हा आहे, आणि त्या गुन्ह्याची नोंद हाच कक्ष करतो. मात्र एखाद्या वस्तूचे परदेशी संघटनेशी संगनमत सिद्ध झाल्यास तिच्यावर कारवाई करता येते. म्हणून शेवटचा प्रश्न: चौकातील ढोल हा आपल्या बँडचा सभासद आहे काय? विचारपूर्वक उत्तर द्यावे.

प्रकरण दुसरे पुरावा म्हणून सोबत जोडावे. शिकागोतील भांडणाचा निकाल स्पष्ट लिहावा.

आपला,
शेराप


दार्जिलिंग
१० मार्च १९८९

शेराप साहेब,

एकही वाडगा नाही. मुलं लहान असली तर अपाय जास्त आणि लवकर. ठिपके जातील की नाही हे घोषालबाबू खात्रीनं सांगू शकत नाहीत, पण आज थांबवलं तर वाढायचे थांबतात, असं ते म्हणतात. आज म्हणजे आज, साहेब. हे पत्र खाली ठेवा आणि आधी घरात जा.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: होय. चौकातला ढोल आमच्या बँडचा सभासद आहे. संस्थापक सभासद. न्यू ऑर्लिन्सपासून आमच्यात आहे. त्याच्या सल्ल्याशिवाय आम्ही एक सूर वाजवत नाही. त्याला मोकळा ठेवणं फार धोक्याचं आहे. हे मी शुद्धीवर असताना, पदम मास्तरांना साक्षीदार ठेवून लिहून देतो. मास्तरांनी विचारलं, हा कुठला वेडेपणा? मी म्हटलं, सरकारी.

प्रकरण दुसरं जोडलंय. भांडण मिटलं. दोघं एकाच गाण्यात वाजवायला लागले, एक थांबला की दुसरा.

माझी बहीण बरी आहे का? क्यीझोमचं काय झालं? दोन महिने तिकडून ओळ नाही. हात जोडून विचारतो.

वांगदू


सेरलुङ
३० एप्रिल १९८९

वांगदू,

खिंड उघडली, आङ दावा आला, म्हणून हे मोकळं पत्र. सगळं सांगते, मध्ये थांबू नकोस.

तुझं केशराचं पत्र फेब्रुवारीच्या सुरुवातीला मिळालं. मी भिंतीला डोकं आपटून घेतलं. माझ्याच हातानं पाजलं होतं मी तिला. नको नको म्हणत होती पोर. त्या दिवसापासून पंपाचा थेंब घरात आणला नाही. पण झऱ्यावरून हंडे आणायची चोरी. हंडा दिसला की विचारतात, पंप असताना झरा का? पंपाचा अपमान करता? देवासाठी आणायला तेवढी हरकत नाही. मग आमचे देव एकाएकी फार तहानले. सात वाट्यांच्या एकोणपन्नास केल्या. दीड तास चढ, दीड तास उतार, दिवसातून दोनदा. संध्याकाळी क्यीझोम देवघरात बसायची आणि ओळीनं सगळ्या वाट्या रिकाम्या करायची. केशर मी घालत नव्हते. देव समजून घेतील. पण बाकीचं गाव पीतच होतं, आणि मला सांगायची सोय नव्हती.

मार्चात ल्हासात पुन्हा पेटलं, लष्कर उतरलं. इथल्या कचेऱ्यांना हुकूम आला, आठ दिवसांत प्रत्येक गावातून एक देशविघातक हजर करा. सगळे धरून चालले, की तोब्ग्याल जाणार. त्यानं सामानही बांधलं होतं. त्याच सुमारास तुझं शेरापला पाठवलेलं पत्र पोचलं. नवव्या दिवशी सकाळी शेराप चार शिपाई घेऊन चौकात आला आणि त्यानं पंपाला अटक केली.

मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. दांड्याला साखळी घातली. तोंडावर कागद चिकटवून शिक्का मारला. गळ्यात पाटी अडकवली: ‘गुन्हा: परदेशी वाद्यवृंदाशी संगनमत.’ मग आरोप मोठ्यानं वाचून दाखवला, प्रकरण पहिलं आणि दुसरं, सबंध. गाव तासभर उन्हात उभं राहून न्यू ऑर्लिन्सची गोष्ट ऐकत होतं. गुलामांच्या ढोलावर बंदी आली ते वाचलं तेव्हा म्हाताऱ्या बायका मुसमुसू लागल्या. ल्हासात पेटल्यावर घरी परत आलेली आपली माणसं मान खाली घालून उभी होती. तुझ्या पुस्तकाला याहून चांगले वाचक मिळायचे नाहीत. शेरापनं शेवटी विचारलं, ‘आरोपीला काही सांगायचंय?’ आणि खरोखर थांबला. मग वहीत लिहिलं, आरोपी गप्प राहिला.

आता पंपाजवळ दोन पाळ्यांत शिपाई उभा असतो. आरोपीला भेटायला मनाई, म्हणून पाणी कुणालाच नाही. लोक झऱ्यावर जातात. अपमानाचा प्रश्नच राहिला नाही, अटकेतल्याचा कसला मान? शेरापची बायकोही आमच्या रांगेत असते, धाकटीला पाठीला बांधून. आम्ही एकमेकींशी बोलत नाही. चढावर ती माझा हंडा धरते, एवढंच.

क्यीझोमला मुलगी झाली, वीस मार्चला. लहान आहे फार, माझ्या दोन ओंजळींत मावते. मी रोज उजेडात नेऊन तिचे तळहात उघडते आणि बघते. अजून तरी स्वच्छ आहेत. ओरडते मात्र सगळ्या गावाला ऐकू जाईल असं.

आता शेवटचं. संगनमताला साक्षीदार लागतो. शेरापनं मला बोलावून कागद पुढे ठेवला. पंप तुमच्या बँडमध्ये आहे, हे मला भावानं कळवलं, असं त्यात लिहिलं होतं. आणि चौकशी चालू आहे तोवर या घरानं दार्जिलिंगशी पत्रव्यवहार करायचा नाही, असंही. मी विचारलं, ‘चौकशी किती दिवस?’ तो खिडकीतून चौकाकडे बघत म्हणाला, ‘मी इथे आहे तोवर संपू देणार नाही, बाई.’

मी सही केली. वांगदू, तुझी पत्रं आली की मी ती गोठ्यात नेऊन एकटी वाचायची, कारण घरच्यांसमोर मला हसू आवरत नसे. तुला कधी हे सांगितलं नाही, तू फुगला असतास. आज सांगते, फुगायचं तितकं फूग. तुझ्यावाचून मला इथे दुसरं कुणी हसवणारं नाही. तरी सही केली, आणि पुन्हा सांगितली तरी करीन.

प्रकरण तिसरं लिही, पण पाठवू नकोस. बाळाचं नाव काय ठेवलं तेही विचारू नकोस. आङ दावाकडेही चिठ्ठी देऊ नकोस, यापुढे वर येताना खिंडीत त्याची झडती होणार आहे. तुझं एक जरी पत्र इथे आलं, तर फाईल वर पाठवावी लागेल. मग वरचे साहेब येतील. दांडा हलवून बघतील, पोट धरून हसतील, आणि पंपाला निर्दोष म्हणून सोडून देतील. तू गप्प राहिलास तरच तो आत राहील.

यांगझोम